चपळ संघाला बळकट गडी हवा काय?

अंगापिंडानें लहान, पण पायांनीं चपळ अशा गड्यांच्या संघानें एखादा धिप्पाड खेळाडू बाहेरून आणावा कीं नाहीं, हा प्रश्न वऱ्हाडांतील चिखलीसारख्या तालुक्याच्या गांवापासून पुण्या-मुंबईपर्यंत कबड्डीच्या प्रत्येक संघाला केव्हां ना केव्हां पडतोच. एक पक्ष म्हणतो, चापल्य कितीही असलें तरी अखेरच्या झटापटींत जोरच कामास येतो. दुसरा म्हणतो, एका पैलवानासाठीं घरचा तयार गडी बाहेर बसतो व संघाची घडी विसकटते. गांवांत हा प्रश्न एका होतकरू मुलाच्या जागेचा असतो, व्यावसायिक संघांत तो कोट्यवधि रुपयांचा होतो. विचाराची रीत मात्र एकच.

प्रथम खेळाचें गणित लक्षांत घेतलें पाहिजे. पुरुषांचें क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. सातही रक्षक मैदानांत असतांना पकड साखळीनें होते: कोपऱ्यांतला गडी घोटा धरतो आणि शेजारचे क्षणांत येऊन भार टाकतात. येथें वेळ साधणें हेंच मुख्य. एकट्याच्या वजनाचें महत्त्व थोडें. परंतु रक्षक तीन किंवा त्याहून कमी उरले म्हणजे चित्र पालटतें. मदतीस धांवणारे हात कमी पडतात, आणि चढाई करणाऱ्यास मध्यरेषेपासून दूर रोखून धरणारा बळकट गडीच संघाला तारतो. प्रो कबड्डींत अशा पकडीस ‘अव्वल पकड’ म्हणतात व तिला एक गुण अधिक मिळतो. बळाची खरी किंमत कळते ती संघ अडचणींत असतांना.

पुणेरी पलटणीचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अस्लम इनामदार, तसेच पंकज मोहिते, मोहित गोयत असे तरुण चढाईपटू तिच्यापाशीं होते. मात्र इराणचा फझल अत्राचली संघ सोडून गेल्यानें डावा कोपरा रिकामा पडला होता. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावांत पुण्यानें त्या जागीं इराणचाच मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतला. संघाच्या एकूण खर्चाची मर्यादा ५ कोटींची. म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम एकट्यावर गेली! शादलुईनें त्या हंगामांत पकडींचे ९९ गुण मिळविले, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पलटणीनें प्रथमच विजेतेपद पटकाविलें. तथापि त्या अंतिम सामन्यांत एकाच चढाईंत चार गुण आणले ते पंकज मोहितेनें, आणि हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला तो अस्लम इनामदार.

पुढचा इतिहास दोन्ही पक्षांना विचार करावयास लावणारा आहे. २०२४ मध्यें शादलुई २ कोटी ७ लाखांस हरियाणाकडे गेला व हरियाणा विजेता झाला. पुण्याला त्या वर्षीं बाद फेरीही गांठतां आली नाहीं. मात्र अस्लमची दुखापतही त्यास कारण झाली. २०२५ मध्यें गुजरात जायंट्सनें शादलुईसाठीं २ कोटी २३ लाख मोजले, पण तो संघ पहिल्या आठांतही आला नाहीं. उलट त्याच्याविना पुणें अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचलें आणि दिल्लीकडून केवळ २८-३१ असें हरलें.

गडी तोच, बळ तेंच. फळ मात्र तिन्ही ठिकाणीं सारखें नाहीं. बळकट खेळाडू घडी बसलेल्या संघांतली उणीव भरून काढतो, संघ घडवीत नाहीं. म्हणून ‘हा किती जोरकस आहे?’ असें विचारण्यापूर्वीं ‘आपली कोणती जागा रिकामी आहे?’ असें संघानें स्वतःस विचारावें. सामने अखेरच्या दोन-तीन रक्षकांवर येऊन हातचे जात असतील, तर बाहेरचा बळकट गडी अवश्य आणावा. चढाईच लंगडी असेल, तर त्याच्यापायीं गांवच्या चपळ मुलाची जागा घालविणें हा तोट्याचाच सौदा होय.