संगणकशास्त्राची पदवी : चार वर्षांत शिकायचे ते काय?



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकविले. म्हणून गणिताच्या कुशीत जन्मलेला, आणि आज मंडीदीपच्या घराघरांत बोलला जाणारा विषय मी निवडला आहे. भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आपले गाव १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कारखान्यांचे गाव झाले. तीन पाळ्यांत राबणारा बाप भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढतो, प्रसंगी कर्ज घेतो, आणि म्हणतो, ‘मुलीला कॉम्प्युटरला घालायचे आहे.’ हा निर्णय मोठा आहे. परंतु ‘कॉम्प्युटरला घालणे’ म्हणजे नेमके काय शिकविणे, याचा उलगडा प्रवेश घेण्यापूर्वी क्वचितच होतो. तो करण्याचा हा प्रयत्न.

प्रथम नावांचा गोंधळ दूर करू. आपल्या मध्यप्रदेशात डीसीए आणि पीजीडीसीए या एकेक वर्षाच्या पदविका गावोगावी शिकविल्या जातात. १९८५ मध्ये भोपाळ येथे स्थापन झालेल्या आयसेक्ट या संस्थेने तर हिंदीतून संगणकशिक्षण लहान गावांपर्यंत नेले. हे कार्य मोलाचे आहे. कार्यालयातील कितीतरी नोकऱ्या या पदविकांनी मिळवून दिल्या. परंतु त्यांचा मुख्य भर संगणक वापरण्यावर असतो. बीसीए, बीएस्सी आणि बीटेक या पदव्यांचा हेतू निराळा. मोटार चालविता येणे आणि इंजिनाची रचना करता येणे यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे. पदवीला गेलेल्या विद्यार्थ्याने चार वर्षांनंतरही केवळ चालकच राहावे, यासारखी दुसरी हानी नाही.

मग रचना करणे म्हणजे काय? आपल्या जवळच असलेले भोजपूरचे शिवमंदिर सर्वांनी पाहिले असेल. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याच्या नावाशी जोडलेले हे मंदिर अपुरे राहिले. दर्शन घेऊन आपण परततो. पण मंदिराभोवतीच्या खडकांवर कोरलेल्या रेषा किती जण पाहतात? ते मंदिराच्या भागांचे आराखडे आहेत : तलविन्यास, स्तंभ, शिखराचे भाग. शिळा घडविण्यापूर्वी त्या काळच्या स्थपतींनी रचना रेषांत बांधली, जेणेकरून प्रत्येक कारागिराला आपले काम निःसंदिग्धपणे कळावे. संगणकशास्त्राचा पहिला धडा हाच. काम कोणत्या पायऱ्यांनी, कोणत्या क्रमाने, कोणत्या अटी पाळून करावयाचे हे असे मांडायचे की संशयाला जागा राहू नये. या मांडणीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. सी, जावा, पायथॉन या भाषा म्हणजे छिन्नी-हातोडा. आराखडा त्यांच्या आधी येतो.

दुसरा धडा श्रम मोजण्याचा. एक उदाहरण घेऊ. आपल्या एखाद्या कारखान्याचा ट्रक माल घेऊन निघाला. इटारसी, बैतूल, विदिशा अशा गावांना माल पोहोचवून त्याने परत यायचे आहे, आणि एकूण अंतर कमीत कमी हवे. दहा गावे असतील, तर त्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात. सेकंदाला एक कोटी क्रम तपासणारे यंत्र हे काम निमिषार्धात करील. गावे पंधरा झाली, तर त्याच यंत्राला दीड दिवस लागेल. आणि वीस झाली, तर? ७,७०० वर्षे! कोणी म्हणेल, शंभरपट वेगवान यंत्र घ्या. घेतले, तरी ७७ वर्षे लागतील. त्यात एकच गाव वाढवा, की १,६०० हून अधिक वर्षे.

येथे वेग हरतो आणि विचार कामी येतो. १९६२ मध्ये हेल्ड आणि कार्प या गणितज्ञांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. ट्रक आता कोठे उभा आहे आणि आतापर्यंत कोणकोणती गावे झाली, एवढे कळले की पुरे; ती गावे कोणत्या क्रमाने झाली याचा पुढील प्रवासाशी संबंध उरत नाही. म्हणून गावांच्या प्रत्येक समूहासाठी सर्वांत लहान वाट एकदाच काढून लिहून ठेवायची. मग वीस गावांचे काम सुमारे ४२ कोटी पायऱ्यांत आटोपते. सेकंदाला एक कोटी पायऱ्या करणाऱ्या यंत्रावर एक मिनिटसुद्धा लागत नाही. यंत्र तेच, प्रश्न तोच. फरक केवळ विचाराचा. अर्थात गावे साठ-सत्तर झाली की हीही युक्ती थकते, आणि तेथे ‘सर्वोत्तम’चा हट्ट सोडून ‘पुरेसे चांगले’ कसे शोधावे हे शास्त्र शिकविते. कोठे थांबावे हे कळणे हाही विद्येचाच भाग होय.

तिसरा धडा, जगातील वस्तू यंत्रात कशी मांडावी याचा. यासाठी आपली देवनागरी पुरे. ‘किती’ हा शब्द पाहा. जुन्या टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी आधी उमटवावी लागे आणि ‘क’ नंतर. कारण कागदावर ती आधी दिसते. संगणकात मात्र आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठविली जाते, कारण उच्चाराचा क्रम तसा आहे. दाखविताना ती डावीकडे नेण्याचे काम निराळ्या आज्ञावलीकडे असते. साठवण अर्थाप्रमाणे, दर्शन डोळ्यांप्रमाणे! कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकमध्ये या विषयावर पायाभूत काम झाले. भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, हे ओळखून त्यांच्यासाठी समान संकेतावली तयार झाली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. ही दृष्टी परदेशी पुस्तकातून आली नाही; वर्णमाला जाणणाऱ्यांना ती सुचली.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र आणि आज्ञावली-लेखन. नंतर डेटा स्ट्रक्चर्स, विविक्त गणित आणि संगणकाची अंतर्रचना. पुढे ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, अल्गोरिदमचे विश्लेषण आणि गणनाचा सिद्धांत. शेवटी ऐच्छिक विषय आणि प्रकल्प. महाविद्यालयांगणिक क्रम बदलतो, गाभा हाच. विद्यार्थी तक्रार करतात की हे जुने आहे, बाजारात नवे चालते. जुने आहे हे खरे. काही समस्या कोणत्याही आज्ञावलीने सुटूच शकत नाहीत, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये सिद्ध केले. सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची डाइक्स्ट्रा यांची रीत १९५९ ची. तक्त्यांच्या स्वरूपात माहिती साठविण्याचा कॉड यांचा विचार १९७० चा. इंटरनेटचा पाया घालणारा सर्फ आणि कान यांचा निबंध १९७४ चा. बँकेचे खाते आणि हातातील फोनवरचा नकाशा अद्याप याच विचारांवर उभे आहेत. उलट, १९६३ मध्ये कानपूरला आलेले आयबीएम १६२० हे यंत्र आणि त्याला लागणारी छिद्रांची कार्डे इतिहासजमा झाली. हत्यारे बदलली, आराखडे टिकले. म्हणून परीक्षेपुरते घोकून टाकले जाणारे हे ‘जुने’ विषयच पदवीचे खरे मोल होत.

येथे पालकांच्या मनातील शंका मला जाणवते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि आज साध्या शब्दांत सांगितले की यंत्रच आज्ञावली लिहून देते. मग चार वर्षे आणि एवढा पैसा कशासाठी? ज्याला केवळ छिन्नी चालविता येते, त्याच्यापुढे हा प्रश्न खरोखरच उभा आहे; त्याला खोटा धीर देण्यात अर्थ नाही. परंतु यंत्राने दिलेली आज्ञावली बरोबर आहे की नाही हे कोण ठरविणार? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्यातील आज्ञावलीचा एक भाग आधीच्या एरियान-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. तेथे तो निर्दोष चालला होता. नव्या बाणाचा वेग अधिक होता. ३२,७६७ पर्यंतच मावणाऱ्या जागेत त्याहून मोठी संख्या आली आणि सारे कोसळले. तयार मिळालेली, वरवर चालणारी आज्ञावली नव्या परिस्थितीत तपासून पाहणे किती आवश्यक आहे, याचा हा धडा. तयार आज्ञावल्यांचा पूर जेवढा वाढेल, तेवढी पारख करणाऱ्याची गरज वाढेल. आणि ही पारख त्या ‘जुन्या’ विषयांतूनच येते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. मराठी वा हिंदी माध्यमातून गेलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकापुढे दबतो आणि विषय कठीण आहे असे समजून बसतो. वस्तुतः अडलेली असते ती भाषा, बुद्धी नव्हे. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची वाट मोकळी केली आणि पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. सर्वांना तेथे जाता येणार नाही. परंतु प्रत्येक कल्पना आधी आपल्या भाषेत स्वतःला समजावून सांगावी आणि मग इंग्रजीत लिहावी, ही रीत कोणीही पाळू शकतो. इंग्रजी शिकावेच लागेल. ते समजुतीच्या मागून आले तर टिकते.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. महाविद्यालय पाहावयास जाल, तेव्हा इमारत आणि पगाराचे फलक पाहून परतू नका. डेटा स्ट्रक्चर्स कोण शिकविते, ते शिक्षक वर्षभर टिकतात का, प्रयोगशाळा तासानंतर उघडी असते का, हे तेथील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याची प्रॅक्टिकल फाइल उतरवू नका. रोज एक लहान आज्ञावली स्वतः लिहा, ती बिघडवा आणि दुरुस्त करा. लिहिण्यापूर्वी कागदावर आराखडा काढा. गणिताकडे पाठ फिरवू नका.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. आपल्यापैकी काही जण भोपाळ, पुणे, बेंगळुरू येथे या व्यवसायात आहेत. वर्षातून दोन रविवार शाळेत येऊन अकरावी-बारावीच्या मुलांना एकेक अल्गोरिदम मराठीतून समजावून द्या. शिष्यवृत्तीइतकेच हे दान मोठे आहे. उत्तर बरोबर आले तरी रीत दाखविल्यावाचून गुण नाहीत, हा गुरुजींचा दंडक आपणांपैकी अनेकांनी अनुभवला आहे. या शास्त्राचाही दंडक तोच आहे.