पाळणा थांबतो, रोग थांबत नाही

द्राक्षबाग असलेल्या मंडळींना हे सांगायला नको. वेलीवर भुरी आली आणि त्याच वेळी फुलकिडेही दिसले, तर कोणी दोनदा पंप पाठीवर घेत नाही. दोन्ही औषधे एकमेकांना मानवतात का, एवढे विचारून घ्यायचे आणि एकाच फवारणीत दोन्ही कामे उरकायची. न मानवणारी औषधे एकत्र केली तर काय होते, तेही आपण बघितलेले असते. पाने करपतात, नाहीतर टाकीच्या तळाशी साका बसतो आणि पैसे पाण्यात जातात.

माणसाच्या बाबतीत असाच एक खटाटोप जगातले शास्त्रज्ञ बरीच वर्षे करीत आहेत. नको असलेले गरोदरपण आणि स्त्रीपुरुष संबंधातून लागणारे रोग, ही दोन्ही एकाच उपायाने टळावीत, आणि जमल्यास तो उपाय बाईच्या स्वतःच्या हातात असावा. विषय संकोचाचा आहे, हे मला ठाऊक आहे. हा अंक घरात सगळ्यांच्या हाती पडतो, हेही ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण या संकोचापायीच कित्येक बायका दुखणे अंगावर काढतात.

गेल्या उन्हाळ्यात एका गावी महिला मंडळाच्या बैठकीला गेले होते. बोलणे झाले रक्तवाढीचे आणि पालेभाज्यांचे. बैठक मोडली, सगळ्या पांगल्या. एक मात्र चपला शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळली. वय पस्तिशीचे. घरधनी ट्रकवर, महिना महिना बाहेर. दुसऱ्या मुलानंतर हिचे ऑपरेशन झालेले. इकडेतिकडे बघत म्हणाली, "ताई, दोन वर्षं अंगावरून जातंय. ओटीपोटात दुखतं. पण माझं ऑपरेशन झालंय. ऑपरेशन झालेल्या बाईला असलं काही लागत नसेल ना?"

तिच्या मनात ऑपरेशन म्हणजे कुलूप होते. एकदा लावले की आत काही शिरत नाही! तुमच्यापैकीही पुष्कळजणींना असेच वाटत असेल, म्हणून जरा समजावून सांगते. ऑपरेशनमध्ये स्त्रीबीज ज्या नळ्यांतून येते त्या नळ्या बांधतात किंवा कापतात. बीजाची वाट बंद होते. रोगाच्या जंतूंची वाट उघडीच राहते. तांबीचे तेच, माला-डी गोळ्यांचे तेच, आठवड्याच्या छाया गोळीचे तेच आणि तीन महिन्यांच्या अंतरा इंजेक्शनचेही तेच. ही सगळी साधने पाळणा थांबवतात आणि आपले ते काम चोख करतात. रोग थांबवणे हे त्यांचे कामच नव्हे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या सरकारी पाहणीत असे दिसले, की आपल्या महाराष्ट्रात मूल होण्याच्या वयातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. (यावर जास्त बोलत नाही, ज्याचे त्याला कळते.) म्हणजे निम्म्या घरांत 'आता काळजी मिटली' अशी समजूत होऊन बसली आहे.

काळजी किती मिटली आहे ते दोन जुन्या पाहण्यांवरून कळते, आणि त्या दोन्ही आपल्याच मुलखातल्या आहेत. पहिली गडचिरोली जिल्ह्यातली. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ती विलायतेतल्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा गुप्तरोगांपैकी काही ना काही होते. याआधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात अवघ्या आठ. बाकीच्यांना वाटे, बाईच्या जातीला हे असायचेच.

दुसरी पाहणी पुण्याची. १९९३ ते १९९६ या काळात तिथल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांचे रक्त तपासले. त्यांत ३९१ जणी वेश्याव्यवसायातल्या नव्हत्या. बहुतेक लग्नाच्या, आणि नवऱ्यावाचून दुसरा पुरुष ठाऊक नसलेल्या. त्यांच्यातही शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्हीची लागण निघाली. हे काम करणाऱ्या डॉक्टरांचा लेख १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे तात्पर्य असे होते, की या बायकांचे वागणे सरळ होते, त्यांना धोका आला तो घरातूनच. आता औषधे निघाली आहेत, लागण पुष्कळ कमी झाली आहे. पण वाट तीच आहे.

एवढ्यावरून घरात भांडण मात्र काढू नका. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे गुप्तरोगच, असे मुळीच नाही. काही प्रकार संबंधाशिवायही होतात. तपासल्याशिवाय कळत नाही, आणि बायकांच्या बाबतीत अडचण अशी की परमा किंवा क्लॅमिडियासारखा रोग कित्येकदा काही त्रास न देता आत मुरत राहतो. नळ्यांना सूज येते, त्या आतून चिकटतात आणि मग मूल होत नाही. दोष कोणाच्या माथी येतो ते तुम्हाला माहीत आहे. गरमीचा रोग गरोदरपणी असला तर मूल पोटात दगावू शकते.

आता तुम्ही म्हणाल, की निरोध आहे ना! आहे, आणि आजही गर्भ व रोग दोन्ही अडवणारे खात्रीचे साधन म्हणजे निरोधच, पुरुषांचा किंवा बायकांचा. पण निरोधाची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. सरकारने १९६८ साली तो गावोगाव नेला. तीन नगांचे पाकीट पंधरा पैशांना मिळे, आणि चहा, साबण, बॅटरीचे सेल विकणाऱ्या कंपन्यांचे विक्रेते तो खेड्यातल्या दुकानापर्यंत पोहोचवीत. तेव्हा तो लहान कुटुंबाचा, शहाण्या नवऱ्याचा सोबती होता. पुढे १९८६ साली आपल्या देशात एचआयव्ही सापडला आणि नव्वदीच्या दशकात भिंतीभिंतीवर एड्सच्या पाट्या लागल्या. तोच निरोध मग बाहेरख्याली माणसाची खूण झाला. बायकोने मागितला तर 'माझ्यावर संशय घेतेस?' आणि नवऱ्याने आणला तर 'बाहेर काय करून आलात?' त्यात ऑपरेशन झालेले असले म्हणजे मागायला कारणच उरत नाही.

खरी गाठ इथे आहे. 'पाळणा लांबवायचा आहे' हे बाईला चारचौघांत सांगता येते. 'मला रोगाची भीती वाटते' हे नवऱ्यापाशीही बोलता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांना असे साधन हवे आहे, की जे बाई उघडपणे कुटुंबनियोजनासाठी घेईल आणि त्याच्याच पोटात रोगाचे संरक्षण येईल.

ही गरज किती मोठी आहे, ते २०१९ साली आफ्रिकेत दिसले. चार देशांत ७,८२९ बायकांवर एक चाचणी झाली. त्यांना तीन महिन्यांचे इंजेक्शन, दंडात बसवायची कांडी किंवा तांबी, यांपैकी एक साधन दिले. साधनांनी एचआयव्हीच्या लागणीत फारसा फरक पडतो का, हे बघायचे होते. तसा फरक निघाला नाही. पण त्या अवधीत ३९७ जणींना लागण झाली. या काही आडमार्गाला लागलेल्या बायका नव्हत्या, तुमच्याआमच्यासारख्या पाळणा थांबवायला आलेल्या होत्या.

बायकांसाठीचा निरोध ही यातली पहिली पायरी. तो काढला डेन्मार्कच्या लासे हेसेल नावाच्या डॉक्टरांनी, आणि अमेरिकेत त्याला १९९३ साली परवानगी मिळाली. झिंबाब्वेतल्या बायकांनी तर तो देशात यावा म्हणून तीस हजार सह्या गोळा केल्या होत्या! आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत बायकांचे निरोध तयार होतात आणि परदेशी जातात. आपल्या गावच्या दुकानात मात्र तो सहसा दिसत नाही. शिवाय तोही नवऱ्याला दिसतोच, म्हणजे बोलणे काही टळत नाही.

मग आली मलमे. आत लावायचे, कोणाला कळणार नाही, असा विचार. पहिला फटका २००० साली बसला. शुक्रजंतू मारणारे एक औषध बरीच वर्षे वापरात होते. ते एचआयव्हीलाही मारील अशी आशा होती. चाचणीत उलटेच निघाले. वारंवार वापरल्याने आतली नाजूक त्वचा सोलवटे आणि ज्या बायकांनी ते जास्त वापरले त्यांना लागण जास्त झाली. पाने करपण्याचाच प्रकार हा. २००७ साली दुसऱ्या एका मलमाची चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. त्या चाचणीत आपल्या शेजारच्या कर्नाटकातले बागलकोटही होते.

कडुनिंबाचाही प्रयोग झाला आहे. डॉ. जी. पी. तलवार यांनी कडुनिंबाचा अर्क आणि रिठ्यातला फेस आणणारा अंश घेऊन आत ठेवायची गोळी बनवली. तिच्या सुरक्षिततेची पहिली चाचणी पुण्यात झाली आणि तिचा अहवाल २००५ साली आला. बाधत नाही हे बघणे ही पहिली पायरी. गुण येतो की नाही, हे त्याच्या पुढे ठरते. हे वाचून कोणी घरी निंबाचा पाला वाटायला घेऊ नका. प्रयोगशाळेतला अर्क वेगळा, पाट्यावरचा वेगळा.

आपण विरजण लावतो तेव्हा दुधात जे जंतू वाढतात, त्यांचे भाऊबंद निरोगी बाईच्या योनिमार्गात असतात. ते तिथे आंबटपणा राखतात आणि वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. पुरुषाच्या वीर्याने हा आंबटपणा तेवढ्यापुरता कमी होतो. तो कायम राहावा म्हणून अमेरिकेत एक जेली काढली. गर्भ टाळण्यासाठी तिला २०२० साली परवानगी मिळाली. तीच जेली परमा आणि क्लॅमिडिया अडवील, असे कंपनीला वाटले होते. मोठी चाचणी झाली आणि २०२२ साली निकाल आला, की अडवीत नाही. (दही, लिंबू असले काही घरी लावून बघणे सक्त वर्ज्य.)

सगळ्यात शिकवून गेली ती टेनोफोविर नावाच्या औषधाची जेल. दक्षिण आफ्रिकेत ८८९ बायकांवर चाचणी झाली आणि २०१० साली जाहीर झाले, की एचआयव्हीची लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली, नागिणीच्या जातीच्या एका गुप्तरोगाची निम्म्याने. केवढा आनंद झाला! पण पुढच्या मोठ्या चाचण्यांत काहीच गुण येईना. एका चाचणीत बायका सांगत, आम्ही रोज घेतो. रक्त तपासले तर शंभरातल्या सत्तर जणींच्या रक्तात औषधाचा मागमूस नाही. शास्त्रज्ञ चकित झाले. मी झाले नाही. औषध ठेवायचे कुठे? सासूने डबी बघितली तर सांगायचे काय? आजार नसताना रोज औषध का घेते, असे नवऱ्याने विचारले तर? घर चालवणाऱ्या बाईला हे आधी विचारायला हवे होते.

त्यातून पुढे कडी आली. रबरासारखी मऊ, आत बसवून महिनाभर विसरून जायची. तिने लागण साधारण तीस टक्क्यांनी कमी होते असे २०१६ साली दिसले, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने काही बायकांसाठी तिची शिफारस केली. आता त्याच कडीत पाळणा लांबवणारे औषध घालून तीन महिन्यांची कडी करण्याचे प्रयोग चालू आहेत. दुसरी आहे दुहेरी गोळी. माला-डीच्या जातीचे औषध आणि एचआयव्ही टाळणारे औषध एकाच गोळीत. दोन्ही औषधे आधीपासून वापरातली, म्हणून हिच्याकडून आशा जास्त. जोहान्सबर्ग आणि हरारे शहरांत तिच्या चाचण्या झाल्या. २०२४ साली सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या एका इंजेक्शनने तर कमाल केली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ बायकांनी ते घेतले, एकीलाही एचआयव्ही झाला नाही. पण पाळणा त्याने थांबत नाही, आणि गरमी-परमा यांतल्या कशानेच थांबत नाही.

हे सगळे त्या बाईला चपला घालता घालता थोडक्यात सांगितले. आधी तपासून घे म्हटले. सरकारी मोठ्या दवाखान्यात 'सुरक्षा क्लिनिक' असते, तिथे तपासणी आणि औषध फुकट, एचआयव्हीची तपासणीही फुकट आणि नाव गुप्त. १०९७ या नंबरावर फोन केला तर पैसे पडत नाहीत आणि आपल्या भाषेत माहिती मिळते. औषध दोघांनी घ्यायला हवे, एकीने घेऊन भागत नाही, पुन्हा लागण होते. आणि तोवर निरोध, ऑपरेशन झाले असले तरी.

महिन्याभराने पुन्हा त्या गावी गेले तेव्हा ती आशाताईच्या ओसरीवर बसली होती. तपासणी झाली होती, गोळ्या चालू होत्या. नवरा अजून दवाखान्यात गेला नव्हता. "मग ती कडी कधी यायची हो आपल्याकडं?" तिने विचारले. सांगता येत नाही म्हटले. तिने निरोधची दोन पाकिटे कमरेच्या पिशवीत सारली. "काय म्हणाले तर सांगीन," ती आशाताईकडे बघत म्हणाली, "हिनं सांगितलंय, औषध संपेपर्यंत सक्तीचं आहे."

"माझं नाव सांग खुशाल," आशाताई म्हणाली, आणि वहीत तारीख टाकली.