पुसलेली फाइल जाते कोठे?

ग्रंथालयाच्या तालिकेतून एखाद्या पुस्तकाचे कार्ड काढून टाकले, तर पुस्तक नाहीसे होते काय? नाही. ते कपाटात असतेच. फक्त कोठे आहे, हे सांगणारे काही उरत नाही. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरील छायाचित्र पुसले, की बहुधा असेच घडते. कॅमेरा त्यातील शून्ये आणि एक खरवडत बसत नाही. ‘ही जागा मोकळी’ एवढीच नोंद तो करतो. म्हणून तर लिहायला वेळ लागतो आणि पुसणे क्षणात उरकते!

तेव्हा सहलीची छायाचित्रे चुकून पुसली गेली, तर त्या कार्डावर आणखी एकही छायाचित्र घेऊ नका. कार्ड ताबडतोब काढून ठेवा. मोकळ्या ठरलेल्या जागी नवे काही लिहिले जात नाही, तोवर फाइली परत मिळवणारे प्रोग्रॅम जुनी छायाचित्रे पुष्कळदा शोधून देतात. ती मात्र दुसरीकडे साठवा.

संगणकातील एसएसडीची गोष्ट निराळी. तेथे कोणती जागा मोकळी झाली हे संगणक ‘ट्रिम’ या आज्ञेने कळवतो आणि एसएसडी ती जागा स्वतःच साफ करून टाकते. तेथे फारशी आशा धरू नये. जुना पेनड्राइव्ह कोणाला देणार असाल, तर ‘क्विक फॉरमॅट’वरही विसंबू नका, त्यात केवळ तालिकाच नवी होते, पुस्तके कपाटातच राहतात.