कांदा-लसूण राहू द्या, यंदा इस्त्री सोडा!

तीस दिवसांचं ‘चॅलेंज’ घेतलं की आपण काहीतरी नवं करतोय असं तरुण मंडळींना वाटतं. मराठी घरांत हा खेळ फार जुना आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कुणी कांदा-लसूण सोडायचं, कुणी वांगं, कुणी एकवेळ जेवायचं, कुणी पानात पडेल ते मुकाट्याने खायचं. सुरुवातीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, कांद्याला निरोप म्हणून भजी-थालीपिठांचा फन्ना. कार्तिकी एकादशी झाली की उद्यापन. नियम एकच, सोपा, सगळ्या घराला ठाऊक असलेला. मोडला तर सासूबाई बघत असायच्या.

मग यंदाचा नेम पर्यावरणाचा का असू नये? निवड सोपी जावी म्हणून हा मसाला. यातलं एकच उचला. सगळं एकदम उचलणारी माणसं श्रावणातच गळतात.

21 दिवस? कुणी सांगितलं?

सवय 21 दिवसांत लागते, हे वाक्य एका प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून निघालं. अमेरिकेतल्या मॅक्सवेल माल्ट्झने 1960 साली लिहिलं होतं की बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला किमान 21 दिवस लागतात. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्या जगाच्या सवयी येऊन बसल्या.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर खरोखरच पाहणी केली. सरासरी निघाली 66 दिवस. सर्वांत चटपटीत माणसाला 18 दिवस पुरले, तर सर्वांत रेंगाळणाऱ्याला 254 लागतील असा अंदाज निघाला. चातुर्मासाचे सुमारे 120 दिवस म्हणजे सरासरी माणसाला पुरून उरतील इतके. त्याच पाहणीतली दिलासा देणारी गोष्ट: एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं.

नेमाची ही तऱ्हा आपलीच आहे असंही नाही. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत जर्मनी-ऑस्ट्रियातली काही चर्च लोकांना गाडीचा उपवास करायला सांगतात. चालत जा, बसने जा, सायकल काढा. आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थ परिसरात 2011 साली सुरू झालेला ‘प्लास्टिक फ्री जुलै’ नेमका आपल्या आषाढीच्या आसपास येतो. मुहूर्त आयताच जुळलाय.

सोमवार सुरकुतीवार

आळशी लोकांसाठी सर्वोत्तम नेम. 2024 च्या मे महिन्यात देशातल्या वैज्ञानिक प्रयोगशाळांची मातृसंस्था सीएसआयआर हिने कर्मचाऱ्यांना सांगितलं, सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून या. मोहिमेचं नाव ‘रिंकल्स अच्छे हैं’. एका जोडीची इस्त्री टाळली की सुमारे 200 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो, असा त्यांचा हिशेब.

कल्पना आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतन सोळंकी यांची. त्यांचा स्वतःचा नेम तर चातुर्मासाला लाजवणारा आहे. 2020 च्या नोव्हेंबरात ते सौरऊर्जेवरच्या बसमध्ये बसून देशभर निघाले, 2030 पर्यंत घरी राहायला जायचं नाही असं ठरवून. आपल्याला एवढं जमणार नाही. पण चुरगळलेला सदरा घालून, वर ‘तत्त्व आहे’ असं म्हणायला कुणाची ना आहे?

जगाला वाचवायला निघालेली पिशवी

गळ्याशी दोन कान असलेली पातळ प्लास्टिकची पिशवी स्वीडनच्या स्टेन गुस्टाफ थुलिन या अभियंत्याने शोधली. पेटंट 1965 चं. त्याचा मुलगा सांगतो की कागदी पिशव्यांपायी झाडं तुटतात म्हणून वडिलांनी ती काढली. लोकांनी एकच पिशवी पुन्हापुन्हा वापरावी अशी त्यांची अपेक्षा होती आणि ते स्वतः खिशात एक घडी करून ठेवत. पुढे काय झालं ते आपण नाल्याकाठी उभं राहून पाहतोच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबई बुडण्याच्या कारणांत गटारं तुंबवणाऱ्या पिशव्यांचंही नाव आलं.

मग कापडी पिशवी घेऊ? थांबा, इथे गंमत आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 साली पिशव्यांची जन्मकुंडली मांडली. कापूस पिकवायला लागणारं पाणी, खत, वीज असं सगळं धरलं, तर प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला नवी सुती पिशवी 7,100 वेळा वापरावी लागते. सेंद्रिय कापसाची असेल तर 20,000 वेळा. रोज एकदा बाजारात नेली तरी जवळजवळ 55 वर्षं! फक्त हवामानबदलापुरतं बघितलं तर साध्या सुती पिशवीचा आकडा 52 वर येतो, तो आवाक्यातला आहे. शिवाय या हिशेबात रस्त्यावर आणि समुद्रात उडणारा कचरा धरलेलाच नव्हता, त्यामुळे प्लास्टिकवाल्यांनी लगेच पेढे वाटू नयेत.

यातून काढायचा तो धडा साधा आहे. प्रत्येक परिसंवादात, लग्नात आणि उद्घाटनात फुकट मिळणारी ‘इको-फ्रेंडली’ पिशवी नाकारा. आईच्या जुन्या परकराची किंवा बाबांच्या विटक्या पँटची शिवलेली पिशवी घ्या. तिच्या कापसाचा हिशेब कधीच फिटलेला असतो.

न्यूयॉर्कचा नेमस्थ

कॉलिन बेव्हन नावाच्या लेखकाने 2006 च्या अखेरीस बायको, लहान मुलगी आणि कुत्रा यांच्यासह वर्षभर पर्यावरणावर ‘शून्य परिणाम’ करून राहायचं ठरवलं. मॅनहॅटनमध्ये, नवव्या मजल्यावर. लिफ्ट बंद, नव्या वस्तूंची खरेदी बंद, काही महिन्यांनी वीजही बंद. त्यावर पुस्तक आलं, माहितीपट आला. पण वर्तमानपत्रांनी सगळ्यांत जास्त चघळलं ते काय? टॉयलेट पेपर सोडला, हे! आपल्याकडे तांब्याभर पाण्यात मिटणारा विषय तिकडे मथळ्यात गेला.

पुण्यात अशी प्रसिद्धी न मागता एक बाई याच वाटेने चालल्या. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. हेमा साने बुधवार पेठेत आयुष्यभर विजेशिवाय राहिल्या. गरवारे महाविद्यालयात शिकवलं, पुस्तकं लिहिली, घरी पशुपक्ष्यांची संगत. विजेची गरज कधी वाटलीच नाही, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

भिंतीवरचे चोर

आता कंटाळवाणी वाटणारी पण सर्वांत कमाईची बाजू. देशात एक युनिट वीज तयार करताना सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावरची आहे. हा आकडा डोक्यात ठेवून घरात फेरी मारा.

टीव्ही रिमोटने बंद केला. आता सेट-टॉप बॉक्सवर हात ठेवा. कोमट लागतो ना? बहुतेक बॉक्स ‘बंद’ असतानाही चालू असताना लागते जवळजवळ तेवढीच वीज खातात. दहा वॅट धरा आणि दिवसाचे 19 तास कुणी बघत नाही असं धरा. वर्षाला 70 युनिटं, म्हणजे एवढुशा डब्यापायी 50 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. रात्री भिंतीवरचं बटण बंद करणं हा माझ्या मते यादीतला सर्वांत हुशार नेम. दिसत नाही, फोटो काढता येत नाही, म्हणून कुणी करत नाही.

नंतर पंखा. जुन्या डबा रेग्युलेटरने पंखा हळू केला की वीज वाचली असं वाटतं; प्रत्यक्षात वाचलेल्यातली बरीचशी त्या डब्याला तापवण्यात जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तरच खरी बचत. साधा पंखा 75 वॅटचा, नवा बीएलडीसी मोटरचा 30 वॅटच्या आसपासचा. रोज 12 तास, वर्षातले 300 दिवस धरले तर फरक 162 युनिटांचा. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात हे दिवस मी कमीच धरलेत.

एसीवाल्यांना सरकारनेच नेम लावून दिलाय. 2020 च्या जानेवारीपासून देशात विकले जाणारे स्टार लेबलचे घरगुती एसी सुरू केले की आपोआप 24 अंशांवर येतात. एक अंश वर ढकललं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. जपानने तर 2005 साली सरकारी कचेऱ्यांत उन्हाळ्यातलं तापमान 28 अंशांवर ठेवायला लावलं आणि साहेबलोकांना टाय-कोट उतरवायला सांगितलं. मंत्र्यांनीच आधी उतरवले, मग बाकीच्यांना धीर आला.

गीझरचं गणित शाळेतलं आहे: 20 लिटरची बादली 20 अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट. शॉवरखाली दहा मिनिटं गाणी म्हणत उभं राहिलात तर पाणी सहज 80 लिटर, वीज चौपट. बादली आणि तांब्या जिंदाबाद.

शिळं ते सोनं, पण किती?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जातं. दिवसाला 150 ग्रॅम, म्हणजे वाटीभर. चौघांच्या घरात रोज चार वाट्या! फोडणीच्या पोळीचा, दोडक्याच्या शिरांच्या चटणीचा, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाच्या थालीपिठाचा शोध लावणाऱ्या समाजाला हा आकडा शोभत नाही. आठवड्यातला एक दिवस ‘फ्रिज रिकामा वार’ ठरवा. त्या दिवशी भाजी आणायची नाही, आहे त्यातूनच स्वयंपाक. घरातल्या सुगरणीचा खरा कस तिथे लागतो, आणि ‘सुगरण’ हा किताब पुरुषांनीही त्या दिवशी मिळवायला हरकत नाही.

उरलेल्या सालींचं काय? कचऱ्याच्या ढिगात दबलेला ओला कचरा हवा न मिळाल्याने कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापदायक. मुंबईचं देवनार कचरा मैदान 1927 पासून भरतंय. 2016 च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहाने टिपला. पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांचं आयुष्य किती वर्षं नासवलं, हे तिथल्या आंदोलनांना माहीत. त्यामुळे बाल्कनीतली खताची कुंडी ही हौस न मानता शेजारधर्म मानावा. कृती अगदी सोपी: ओल्याच्या दुप्पट सुका पाला, अधूनमधून ढवळणं, वास आला तर आणखी पाला.

याच मिथेनला पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने कामाला लावलं. डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती टाक्यांमधून छोटं बायोगॅस संयंत्र उभं केलं. ते शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिठूळ कचऱ्यावर चालतं. शेण म्हणजे गाईने आधीच सत्त्व काढून घेतलेलं अन्न. मग जंतूंना थेट अन्नच दिलं तर गॅस जास्त आणि लवकर मिळणारच, हा त्यामागचा साधा तर्क. 2006 साली त्याला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पंधरा महिन्यांची जीन्स

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने एकच जीन्स 15 महिने न धुता वापरली. मग त्याच्या प्राध्यापिकेने जंतू मोजले. जीन्स धुतली आणि दोन आठवडे वापरून पुन्हा मोजले. फरक जवळपास शून्य. वास आला की तो ती फ्रीझरमध्ये ठेवी. कोकणातल्या पावसाळ्यात हा प्रयोग कुणी करू नये, बुरशी आधी येईल. पण दर वापरानंतर मशीनमध्ये कोंबायची गरज नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आणि चार महिने नवा टी-शर्ट न घेण्याचा नेम केलात तर? एका सुती टी-शर्टामागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं. जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण हा व्यवहार कधीपासून करते आहे. तिच्याशी घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा.

आणि मध्येच येतात गणपती

चातुर्मासातला सर्वांत मोठा पाहुणा शाडूचा आणलात तर प्रश्नच नाही, बादलीत विरघळतो. पीओपीचा आलाच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधलेली युक्ती आहे: पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती त्यात ठेवायची. दोन-तीन दिवसांत प्लास्टर विरघळतं. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत, आणि तळाला चुनखडीसारखा साका. पुणे महापालिकेने ही पावडर फुकटही वाटली आहे. बेकरीवाले बिस्किटं फुलवायला हाच पदार्थ वापरतात. वास मात्र नाकाला झोंबणारा असतो, तेव्हा बादली बाल्कनीतच ठेवा.