क्रीडा-स्वयंसेवक : येतात कशासाठी, टिकतात कशामुळे

लंडनमध्ये २०१२ साली झालेल्या ऑलिंपिकसाठी सुमारे ७० हजार स्वयंसेवक निवडले गेले, आणि त्या जागांसाठी दोन लाख ४० हजारांच्या आसपास अर्ज आले होते. वेतन नव्हते, मुक्कामाची सोय ज्याची त्याने पाहायची होती, आणि मिळणार होते ते गणवेश, कामाच्या दिवशीचे जेवण व शहरांतर्गत प्रवास एवढेच. इतकी माणसे पदरमोड करून राबायला तयार होतात यामागे निव्वळ सेवाभाव आहे, असे मानून थांबणे पुरेसे नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार एकच काम वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या गरजेपोटी करतात : एखाद्याला आपल्या मूल्यांना कृतीची जोड द्यायची असते, एखाद्याला नवे शिकायचे वा नोकरीसाठी अनुभव मिळवायचा असतो, कोणी मित्रांमुळे येतो, तर कोणाला स्वतःविषयी बरे वाटते किंवा मनातली सल काही काळ विसरता येते. खेळाच्या मैदानावर याला आणखी एक कारण जोडावे लागते, ते म्हणजे पोटचे मूल. मुलगी संघात असेतोवर गुणलेखन शिकून घेणारे पालक तिने खेळ सोडला की बहुधा दिसेनासे होतात.

येण्याचे कारण आणि टिकण्याचे कारण मात्र बहुतेकदा एक नसते, आणि हा फरक ‘पार्करन’ या उपक्रमात स्पष्ट दिसतो. पॉल सिंटन-ह्युइट यांनी, दुखापतीमुळे स्वतःला धावता येत नसताना, २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंसह तो सुरू केला. क्रमांक दाखवण्यासाठी तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले जात. पाच किलोमीटरच्या या साप्ताहिक धावेला आजही प्रवेशशुल्क नाही, आणि वेळ नोंदवणे, वळणावर उभे राहणे, ही सारी कामे स्वयंसेवकच करतात. त्यांपैकी एकजण सर्वांच्या मागून चालतो, जेणेकरून शेवटचा क्रमांक कोणाही सहभागी व्यक्तीचा येऊ नये. काम लहान, सहज शिकता येणारे आणि ओळखीच्या माणसांत करायचे असल्याने दर शनिवारी परत यावेसे वाटते.

अशा कामाला थोडे मानधन दिल्यास उत्साह वाढेल हा समज तपासून घ्यावा असा आहे. उरी नीझी व आल्दो रुस्तिचिनी यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात देणग्या गोळा करताना एक टक्का मोबदला मिळालेल्या मुलांनी काहीच न मिळालेल्यांपेक्षा कमी रक्कम जमवली. प्रयोग खेळाचा नव्हता, पण त्याचा रोख मैदानालाही लागू पडतो.

महाराष्ट्रातील कबड्डी-खोखोचे सामने मंडळांच्या कार्यकर्त्यांवरच उभे असतात. वर्गणी गोळा करणे, फक्की मारून रेषा आखणे, बाहेरगावच्या संघांच्या जेवणाची व्यवस्था लावणे हे त्यांच्याच गळ्यात पडते. सामन्याच्या दिवशी हात पुष्कळ मिळतात, कारण त्या दिवशी काम सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. चिटणीसपद आणि हिशेबाच्या वह्या मात्र वर्षभर त्याच दोन-तीन माणसांकडे राहतात, आणि खरी ओढाताण तिथे आहे.