औषधनिर्मात्याच्या हाती लेखणी

डॉक्टरांनी औषध लिहून द्यावे आणि औषधनिर्मात्याने, अर्थात फार्मासिस्टने, ते रुग्णाच्या हाती द्यावे, ही विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. ब्रिटनने मात्र ही सीमारेषा विचारपूर्वक बदलली. डॉक्टरांनी निदान केल्यानंतर, ठरलेल्या उपचार-आराखड्यानुसार औषधे लिहून देण्याची मुभा तेथील औषधनिर्मात्यांना २००३ साली मिळाली. २००६ मध्ये स्वतंत्रपणे औषधयोजना करण्याचा अधिकारही त्यांना देण्यात आला.

हा अधिकार केवळ पदवीच्या बळावर मिळाला नाही. त्यासाठी किमान २६ दिवसांचे शिक्षण व अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ९० तासांचा प्रत्यक्ष सराव बंधनकारक करण्यात आला. औषधांचे गुणधर्म औषधनिर्मात्यास ज्ञात असतातच. येथे तो रुग्णाची विचारपूस व तपासणी करण्यास शिकतो. आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखून रुग्णाला वेळीच डॉक्टरांकडे पाठविणे, हाही या शिक्षणाचा गाभा आहे. २०२१ साली जाहीर झालेल्या नव्या शैक्षणिक मानकांनुसार हे प्रशिक्षण मूळ शिक्षणक्रमातच समाविष्ट करण्यात आले.

यात एक धोकाही संभवतो. औषध लिहिणारा आणि विकणारा एकच असेल, तर रुग्णाचे हित व दुकानाचा नफा यांत संघर्ष उद्भवू शकतो. शिवाय एकाची चूक दुसऱ्याने पकडण्याची संधी नाहीशी होते. म्हणूनच ही दोन्ही कामे शक्यतो भिन्न व्यक्तींनी करावीत, असा तेथील नियामक संस्थेचा दंडक आहे.

भारतात औषधनिर्मात्यास असा अधिकार नाही. ‘परिशिष्ट एच’मधील औषधे नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीविना विकणे बेकायदेशीर आहे. तरीही लक्षणे सांगून दुकानातून परस्पर प्रतिजैविके घेण्याची सवय आपल्याकडे रुजली आहे. ब्रिटनचे उदाहरण या सवयीचे समर्थन करीत नाही. उलट प्रशिक्षणाविना औषध सुचविणे किती जोखमीचे आहे, हेच ते दर्शविते.

दिनांक २९ ऑक्टोबर २००७ रोजी कॅथलिक औषधनिर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतील प्रतिनिधींना संबोधित करताना पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी, औषधनिर्माता हा डॉक्टर व रुग्ण यांच्यामधील दुवा असल्याचे सांगून सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून नकार देण्याच्या त्याच्या हक्काचेही स्मरण करून दिले होते. चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार मिळाला की ही नैतिक जबाबदारी अधिकच वाढते. ज्ञान, संयम आणि रुग्णाविषयीची आस्था यांचा संगम झाला, तरच हा व्यवसाय खऱ्या अर्थाने सेवाकार्य ठरेल.