एक्केचाळीस वर्षांनी पुन्हा कोर्टवर

कॉलेजने मुलींची टीम बंद केली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याच कॉलेजने टीम पुन्हा काढायची ठरवली तेव्हा ती साठीची झाली होती. मधली एक्केचाळीस वर्षं तिने काय केलं?

आपल्याकडे सरकारी नोकरीत अठ्ठावन्नाव्या वर्षी हातात नारळ देतात. मग पेन्शन, नातवंडं, गुडघेदुखी आणि 'आता काय राहिलंय आमचं' हे पालुपद. मार्गारेट वेड या बाईंना साठाव्या वर्षी नवं काम मिळालं. तेही कसलं, तर कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची टीम अगदी शून्यातून उभी करायची! (आडनाव वेड. मराठी माणसाला हसू येणारच. पण पुढची गोष्ट वाचलीत की आडनाव शोभतं असंच म्हणाल.)

ठिकाण अमेरिकेतलं, पण न्यूयॉर्क-शिकागोसारखं झगमगीत नाही. दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य, त्यातही कापसाच्या शेतांचा 'डेल्टा' म्हणतात तो सपाट, गरीब मुलूख. तिथे क्लीव्हलंड नावाचं छोटं गाव आहे. ओहायोतलं मोठं क्लीव्हलंड शहर ते वेगळं. या गावात डेल्टा स्टेट हे कॉलेज आहे. १९२५ मध्ये सुरू झालं तेव्हा ते शिक्षक घडवण्यासाठीचं कॉलेज होतं. मार्गारेट याच भागात वाढली, इथल्याच हायस्कूलमध्ये खेळली आणि पुढे डेल्टा स्टेटच्या टीममध्ये आली. खेळायची इतकी छान की कॅप्टन झाली.

आणि १९३२ मध्ये कॉलेजने फर्मान काढलं : मुलींचं बास्केटबॉल बंद. कारण काय? हा खेळ तरुण मुलींना झेपणारा नाही, फार दगदगीचा आहे! कापसाच्या शेतात दिवसभर राबणाऱ्या बायका त्याच गावाबाहेर रोज दिसत होत्या, त्यांच्या दगदगीची काळजी मात्र कोणाला वाटली नव्हती. असो. टीममधल्या मुली रडल्या आणि रागाच्या भरात त्यांनी आपले युनिफॉर्म जाळून टाकले. यापलीकडे त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतंच, असं मार्गारेटबाई पुढे सांगायच्या.

हा एका कॉलेजचा लहरीपणा होता असं समजू नका. तेव्हाची हवाच तशी होती. बास्केटबॉलचा जन्म १८९१ चा. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावं म्हणून तो शोधून काढला. सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने लगेच पुढच्या वर्षी तो आपल्या कॉलेजच्या मुलींना शिकवला, पण 'बायकी' करून. कोर्टचे भाग पाडले आणि आपला भाग सोडून प्रत्येकीने पलीकडे जायचं नाही असा नियम केला. दुसरीच्या हातातला बॉल हिसकवायलाही बंदी! त्या काळात मुलींना खेळायला मिळालं हेच मोठं, त्यामुळे बेरेन्सनबाईंना नावं ठेवायला मन धजत नाही. पण ती रेघ जी एकदा आखली गेली, ती कित्येक दशकं पुसली गेली नाही. कॉलेजच्या मुलींना नियमाने पूर्ण कोर्टभर धावायची मुभा मिळायला १९७१ साल उजाडावं लागलं.

आणखी एक गोष्ट खटकते. १९२३ पासून 'मुलींनी खेळावं, पण चुरशीच्या आंतरकॉलेज स्पर्धा नकोत' अशी जी मोहीम अमेरिकेत चालली, तिच्या पुढारी बायकाच होत्या. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हूव्हर यांच्या पत्नी लू हेन्री हूव्हर त्यात अग्रभागी होत्या. हेतू वाईट नव्हता. मुलींना पैशासाठी, तिकीटविक्रीसाठी वापरलं जाऊ नये, मूठभर तरबेज मुलींऐवजी सगळ्यांनाच खेळता यावं, असं त्यांना वाटत होतं. पण झालं काय, तर मार्गारेटसारख्या मुलींचा खेळच गेला. सासू आणि सून दोघी बायकाच असतात, त्यातलाच हा प्रकार!

मार्गारेट १९३३ मध्ये पदवीधर झाली. टुपेलो गावच्या रेड विंग्ज या टीमकडून तिने दोन वर्षं खेळून हौस भागवून घेतली आणि मग शाळेत शिक्षिका झाली. १९३५ पासून एकोणीस वर्षं क्लीव्हलंडच्या हायस्कूलमध्ये ती मुलींची टीम घडवत राहिली. तिथला हिशेब ४५३ विजय, ८९ पराभव, ६ बरोबरी. हा आकडा डोळ्यांखालून नुसता घालवू नका. शाळेच्या मुली दर दोन-चार वर्षांनी बदलतात. आजची तयार झालेली मुलगी उद्या पास होऊन जाते आणि बाईंच्या हाती पुन्हा कोरी पाटी येते. तरीही दर सहा मॅचेसमागे पाच जिंकायच्या, ते सुद्धा जवळपास दोन दशकं!

१९५४ मध्ये हे काम थांबलं. १९५९ मध्ये त्या डेल्टा स्टेटला परतल्या, मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख म्हणून. म्हणजे ज्या कॉलेजने खेळ हिसकावून घेतला, तिथेच नोकरी. मुलींना कवायत, व्यायाम सगळं शिकवायचं, फक्त टीम काढायची नाही. मुलांची टीम होती, मुलींची नव्हती. एकोणीस वर्षं टीम होती, त्यानंतरची एकोणीस वर्षं नव्हती. मला या दुसऱ्या एकोणीस वर्षांचं जास्त नवल वाटतं. त्यांच्याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं नाही. आकडेच नाहीत, तर लिहिणार काय?

मग १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' नावाचं कलम आलं. मूळ इंग्रजीत ते फक्त ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा शब्दच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कोणाला वगळता येणार नाही, एवढंच ते सांगतं. पण तेवढ्याने मैदानांची दारं किलकिली झाली. डेल्टा स्टेटचे तेव्हाचे अध्यक्ष ऑब्री लुकास यांनी मुलींची टीम पुन्हा सुरू करायची ठरवलं आणि कोच म्हणून मार्गारेटबाईंना विचारलं. साल होतं १९७३.

टीम म्हणजे काय, तर सगळा नन्नाचा पाढा. आधीच्या मोसमाची पुण्याई नाही, नाव नाही. आणि खेळही बदललेला. बाई स्वतः खेळल्या त्या काळी रेघेच्या अलीकडे-पलीकडे वाटणी असायची. आता पाचजणींनी पूर्ण कोर्टभर पळायचं. अशा वेळी अनुभवी माणसाची एक नेहमीची अडचण होते : 'आमच्या वेळी असं होतं' हे वाक्य तोंडातून जात नाही. मार्गारेटबाईंनी नव्या खेळासाठी नव्या मुली शोधल्या.

त्यातली एक होती लुशा हॅरिस. सगळ्या तिला लुसी म्हणत. उंची सहा फूट तीन इंच. जवळच्याच मिंटर सिटी गावातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या अकरा मुलांपैकी ती दहावी. जन्म १९५५ चा. त्याच वर्षी, त्याच लेफ्लोर काउंटीतल्या मनी गावातून एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी रात्री उचलून नेलं आणि हाल करून मारलं होतं. अशा मुलखात लुशा वाढली. रात्री पांघरुणाखाली लपून टीव्हीवर पुरुषांच्या मॅचेस बघायची आणि आई 'झोप आता' म्हणून ओरडायची. ती दुसऱ्याच एका कॉलेजात, अल्कॉर्न स्टेटमध्ये जाणार होती. पण तिथे मुलींची टीम नव्हती. डेल्टा स्टेटमध्ये टीम निघतेय असं कळलं आणि पोरीने बेत बदलला. टीममध्ये ती एकटीच कृष्णवर्णीय होती.

दुसरी डेबी ब्रॉक, उंची चार फूट अकरा इंच! बॉल खेळवत पुढे आणायचं काम तिचं. एवढीशी पोर बॉल घेऊन सुसाट निघायची आणि नेमका उंच लुशाच्या हातात द्यायची. दोघींचा एकत्र फोटो बघितलात तर आई आणि शाळेला निघालेली लेक वाटतील. तयार साच्यात मुली बसवण्याऐवजी हातात आलेल्या मुलींवरून खेळ बेतायचा, हे शाळेतल्या कोऱ्या पाट्यांनीच बाईंना शिकवलं असावं, असा माझा अंदाज.

पहिल्याच मोसमात या टीमने १६ मॅचेस जिंकल्या आणि दोन हरल्या. दुसऱ्या मोसमात २८ पैकी २८. १९७५ ची राष्ट्रीय अंतिम मॅच इमॅक्युलाटा कॉलेजशी होती. तेही छोटंच, फिलाडेल्फियाजवळचं नन्सनी चालवलेलं कॉलेज. त्याआधी लागोपाठ तीन वर्षं त्यांनीच विजेतेपद पटकावलं होतं. (१९७२ मध्ये स्पर्धेला जायला पैसे नव्हते म्हणून त्या मुलींनी टूथब्रश विकले होते!) डेल्टा स्टेटने त्यांना ९० विरुद्ध ८१ असं हरवलं. एकट्या लुशाचे ३२ गुण. १९७६ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा इमॅक्युलाटा, ६९-६४. १९७७ मध्ये लुइझियाना स्टेटला ६८-५५ ने हरवून तिसरं विजेतेपद. मध्यंतरी लागोपाठ ५१ विजय. गावातले लोक मुलांच्या मॅचपेक्षा मुलींच्या मॅचला जास्त गर्दी करू लागले. टीमचं नाव मात्र 'लेडी स्टेट्समेन'. म्हणजे बायका, पण पुरुष! यावर त्या काळी कोणी हसलं की नाही कोण जाणे.

हेही सांगायला हवं की ही वेळ विलक्षण होती. बायकांच्या कॉलेज-स्पर्धा तेव्हा बायकांचीच एक संघटना चालवत होती आणि बड्या विद्यापीठांनी अजून तिकडे पैसा ओतला नव्हता. त्यामुळे टूथब्रश विकणारं कॉलेज आणि कापसाच्या शेतातलं कॉलेज विजेतेपदासाठी भिडू शकलं. पुढे मोठी विद्यापीठं जागी झाली आणि छोट्यांची सद्दी संपली. दार उघडं होतं तेवढ्या काही वर्षांत आत शिरायला तयारीचं माणूस लागत होतं, ते डेल्टा स्टेटकडे होतं. बिनपैशाचं, पहिल्यापासून घरातच.

मार्गारेटबाई १९७९ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजच्या सहा मोसमांचा हिशेब होता १५७ विजय, २३ पराभव. १९७८ पासून कॉलेजच्या सर्वोत्तम महिला खेळाडूला 'वेड ट्रॉफी' दिली जाऊ लागली. १९८५ मध्ये नाइस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदाच बायकांना जागा मिळाली. तिघींना मिळाली, त्यातल्या एक मार्गारेटबाई. दुसऱ्या, रेघ आखणाऱ्या सेंडा बेरेन्सन! त्या तोवर हयात नव्हत्या.

आणि लुशा? १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच महिला बास्केटबॉल आलं, तेव्हा पहिली बास्केट तिची होती. अमेरिकेला रौप्यपदक मिळालं. १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने निवडीत तिचं नाव घेतलं. तिने नकार दिला, तिला दिवस गेले होते. पुरुषांशी टक्कर घ्यायची तिला हौसही नव्हती. पण बायकांसाठी खेळून पोट भरेल अशी जागा कुठे होती? एका अल्पजीवी लीगमध्ये ती ह्यूस्टनकडून १९७९-८० चा एक मोसम खेळली. त्या काळात तिला मानसिक आजाराशीही झगडावं लागलं. कोचने तिला चार वर्षं दिली, उत्तम दिली. पाचव्या वर्षाची सोय बाईंच्या हातात नव्हती. नंतर लुशा आपल्याच जुन्या शाळेत, ग्रीनवुडच्या अमांडा एल्झी हायस्कूलमध्ये शिकवू लागली आणि तिथल्या मुलींची कोच झाली.

मार्गारेटबाई १९९५ च्या फेब्रुवारीत गेल्या. बायकांच्या व्यावसायिक लीगची, डब्ल्यूएनबीएची पहिली मॅच झाली १९९७ मध्ये. लुशा तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. ती २०२२ च्या जानेवारीत वारली. दोनच महिन्यांनी तिच्यावरच्या 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' या छोट्याशा माहितीपटाला ऑस्कर मिळालं. जेमतेम बावीस मिनिटांचा आहे. कॅमेऱ्यासमोर बसून ती बोलते, मध्येच खुदकन हसते आणि पांघरुणाखालच्या टीव्हीची गोष्ट सांगते. जमलं तर जरूर बघा.